वेबसाइटला लावलेला पडदा

आमच्या मराठी मंडळाचा गणपती जयपूरच्या आदर्श नगरात, एका हॉलमध्ये बसतो. आई दर वर्षी त्यासाठी मिरजेहून यायची आणि आरतीला पहिल्या रांगेत उभी राहायची. त्या वर्षी तिच्या खुब्याचं हाड मोडलं आणि येणं होईना. तेव्हा आईला घरी तिच्या टॅबवर बघता यावं म्हणून माझ्या बायकोने मंडळाच्या वेबसाइटवर दर्शनाचं एक पान तयार केलं. मूर्तीसमोर जुना मोबाइल बसवला. तो सतत फोटो पाठवायचा आणि पान दर दहा सेकंदांनी आपोआप नव्याने उघडायचं. बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते; वेबसाइटचं काम ती व्हिडिओ बघून शिकलेली. आईला तिने सांगितलं होतं, की तुमची एकही आरती चुकणार नाही.

पहिल्याच संध्याकाळी, ऐन आरतीत, पान बंद पडलं. मर्यादा ओलांडली आहे, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ तेवढी दिसत होती. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. आईने फोनवर तक्रार केली नाही, फक्त आरती झाली का एवढं विचारलं. त्यानेच बायकोचा चेहरा उतरला.

ज्यांच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवली होती, त्या होस्टिंगवाल्यांचं म्हणणं, तुमच्या वाट्याची ताकद कमी पडते आहे, मोठा प्लॅन घ्या. मंडळाचे सचिव लगेच तयार झाले. मला तर कुणी तरी वेबसाइटवर मुद्दाम हल्ला करत असावं असं वाटत होतं. बायको म्हणाली, "रोप सुकलं की आपण आधी मोठी कुंडी आणतो का? मुळाशी काय झालंय ते बघू."

मग तिने एकेक गोष्ट बंद करायला घेतली. जुन्या कार्यक्रमांचे फोटो, मग दिनदर्शिका, मग किती लोक आले ते मोजणारा आकडा. प्रत्येक बदलानंतर थांबायचं, सर्व्हरवरच्या भाराचा आलेख बघायचा, आणि फरक नसेल तर ती गोष्ट परत सुरू करून पुढे जायचं. दोन बदल एकदम तिने कधीच केले नाहीत. मी रेल्वेच्या लेखा विभागात इतकी वर्षं काढली, पण एवढा धीर माझ्यात नाही. मी सगळंच एकदम बंद करून बसलो असतो.

आलेख काही उतरेना. दुपारी हॉलला कुलूप असतानाही तो वरच. तेव्हा तिने भेटींची नोंद उघडली. हल्ला वगैरे काही नव्हता. तीच ती ठरावीक मंडळी दिवसभर येत होती, आणि त्यातली बरीच सांगली-मिरजेकडची. मी हिशेब केला. एक पान उघडं राहिलं तर ते तासाला तीनशे साठ वेळा सर्व्हरचं दार वाजवणार. अशी शंभर पानं उघडी असतील तर छत्तीस हजार वेळा. त्यात आरतीची गर्दी.

तिने आईला फोन लावला.

"आई, दर्शन झालं की टॅब बंद करता ना?"

"बंद कशाला? देवघरात उभा करून ठेवलाय. सकाळी फूल वाहते, दुपारी नैवेद्य दाखवते. आमच्या भजनातल्या सगळ्यांना मीच सांगितलंय तसं करायला."

"रात्रीसुद्धा उघडाच?"

"मग काय देवाच्या तोंडावर दार लावू? आणि एवढ्याशा टॅबने तुझं मशीन धापा टाकतं होय गं? माझ्यापेक्षा नाजूक दिसतंय."

सगळ्यांना पान बंद करायला सांगू, असं मी सुचवलं. बायको म्हणाली, "त्यांचं काही चुकलेलं नाही. पान मी चुकीचं केलंय."

जयपूरच्या मोठ्या देवळांत दर्शन दिवसभर नसतं. झांकीच्या, म्हणजे दर्शनाच्या, वेळा ठरलेल्या, मधल्या वेळात पडदा. तिथे पडद्यासमोर वाट बघत आम्ही कितीदा उभे राहिलो आहोत. मला ते सुचलं नाही, तिला सुचलं. तिने पानावर मूर्तीच्या फोटोपुढे भरजरी पडद्याचं चित्र लावलं आणि खाली पुढच्या आरतीची वेळ लिहिली. पडदा असेपर्यंत पान सर्व्हरकडे काहीच मागायचं नाही. आरतीची वेळ झाली की ते टॅबच्या घड्याळावरून आपणच पडदा सारायचं, आणि अख्खं पान पुन्हा उघडण्याऐवजी फक्त नवा फोटो आणायचं. घरी कुणाला हात लावायची गरज नाही.

हे जमेपर्यंत विसर्जनाचा दिवस उजाडला. उरली होती ती फक्त उत्तरपूजेची आरती. हॉलमध्ये टाळ वाजत होते आणि मी कोपऱ्यात मोबाइलवर आलेख उघडून उभा होतो. रेघ थोडी वर गेली आणि तिथेच राहिली. बायको आरती म्हणत होती, माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

मूर्ती हलवल्यावर बायकोला आईचा फोन आला. "पडदा सरकला तशी मी उठले," ती म्हणाली. "वॉकर धरून उभी राहिले. शेवटपर्यंत."



"आता गेला ना तो?" आईने विचारलं. "मग आता टॅब मिटू का?"

"मिटा, आई."