पुरुषोत्तम भावोजींची टाकी

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत आमच्या भिंतीला भिंत लावून पुरुषोत्तम भावोजी राहतात. पेशाने फार्मासिस्ट. "बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका" असं त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना दटावलंय. स्वतःला मात्र पाच मिनिटं दम धरवत नाही.

त्यांच्याकडे एक जुनी मोटारसायकल आहे, कुठल्याशा शेतकऱ्याच्या शेडमधून उचललेली. तिची पेट्रोलची टाकी आतून इतकी गंजलेली, की हलवली की खुळखुळ्यासारखी वाजायची. गंज काढायचा आणि आतून सीलर, म्हणजे गळती रोखणारा पातळ लेप, फिरवायचा, एवढंच काम. पहिल्या वेळी टाकी ओली असतानाच सीलर ओतला. त्याचे पापुद्रे निघाले. दुसऱ्या वेळी टाकी फिरवायची सोडून क्रिकेट बघत बसले. सगळा सीलर एका कोपऱ्यात थिजला आणि दुसऱ्या कोपऱ्यातून पेट्रोल गळलं, ते नेमकं गुंडाळून ठेवलेल्या नव्या गालिच्यावर.

गालिचा आनंदीचा. आनंदी म्हणजे त्यांची बायको, हॉस्पिटलात नर्स, माझी मैत्रीण. ती म्हणाली, "हा शेवटचा डबा. आता गळली तर गाडी भंगारात. फोन मी करणार." आणि आनंदी बोलते ते करते.

"कशाला हा अट्टहास, भावोजी?" मी विचारलं. "दारात दोन कार आहेत."

"तेच ना मुग्धा वहिनी. दोन कार. तिची नाइट, माझी डे. आठ वर्षं झाली, ती आत येते तेव्हा मी बाहेर पडतो. एकदा तरी दोघांनी एका गाडीवरून एकाच दिशेला जायचंय हो."

मला एकदम भरून आलं. पण फार वेळ नाही, कारण लगेच त्यांनी गंज काढायला माझ्याकडे सहा लिटर व्हिनेगर मागितलं.

तर व्हिनेगर झालं, मूठभर लोखंडी नट घालून टाकी खळखळवून झाली. मग गीझर असलेल्या उबदार कपाटात आनंदीच्या रेशमी साड्यांशेजारी ती तीन दिवस वाळली. रविवारी साडेदहाला भावोजींनी शेवटच्या डब्यातला सीलर कालवून टाकीत ओतला आणि भोकं टेपने बंद केली. आता तासभर टाकी सतत कुशीवर, उताणी, पालथी करत राहायची. थांबलं की संपलं.

तेवढ्यात आनंदीचा फोन. तिच्या भावाच्या, क्षितिजच्या मुलीचं त्या दिवशी बारसं. आत्या म्हणून ती सकाळीच पुढे गेली होती. बारसं अकराचं. आपल्या लोकांत अकरा म्हणजे एक, असं भावोजींनी धरलं होतं. पण क्षितिजची बायको इरावती इथेच वाढलेली. तिचे अकरा म्हणजे अकराच.

मी गाडी चालवली. भावोजी मागे बसून शालीत गुंडाळलेली टाकी मांडीवर फिरवत होते. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या आजीबाई कौतुकाने बघायला लागल्या. भावोजींनी टाकी पालथी केल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

क्षितिजकडे पाळणा सजलेला, बाळ आतल्या खोलीत झोपलेलं. आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवायचा आणि मग बाळाला, अशी आपली रीत. पण सगळ्यांकडे मिक्सर, वरवंटा कुणाकडे असणार?

"Coconut चालेल का, ताई?" इरावतीने विचारलं.

"हा घ्या वरवंटा!" भावोजी पुढे झाले. मी डोळे मिटून घेतले.

आनंदीने शालीतलं बोचकं हातात घेतलं, वजन जोखलं, वास घेतला. मग नवऱ्याकडे बघितलं. आता सगळ्यांसमोर तमाशा होणार, असं मला वाटलं. तिने शांतपणे त्याला कुंची घातली आणि पाळण्याखालून माझ्याकडे सरकवलं. मी वरून परत दिलं, जाताना पालथं करून. तिने उताणं करून घेतलं.

पाच फेऱ्या झाल्या. बाकीच्या बायका थांबल्या.

"आमच्याकडे एकवीस असतात," आनंदी म्हणाली.

"कधीपासून, ताई?" क्षितिजने विचारलं.

"तुला काय कळतंय? धर तिकडून."

एकविसाव्या फेरीला माझे खांदे निखळायला आले होते. मग आनंदीने वरवंटा नवऱ्याच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "थांबू नकोस." भावोजी टाकी घेऊन अंगणात फेऱ्या मारत राहिले. बाळाचं नाव त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

आठवडाभर सीलर वाळू दिला. या वेळी भावोजींनी खरंच दम धरला. पेट्रोल भरलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडा. तपासणीतही गाडी पास झाली. त्या शनिवारी दोघांनाही सुट्टी होती. भावोजींनी मागची सीट तीनदा पुसली, गाडी सुरू केली आणि ऐटीत पुढे बसले.

आनंदी हेल्मेट घालून बाहेर आली.

"सरक मागे."

"अगं, लायसन्स लागतं!"

"आहे. इथे आल्यावर कारचं काढलं, तेव्हाच परीक्षा देऊन मोटारसायकलचंही काढलं."

"आठ वर्षांत बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

भावोजी मागे सरकले आणि त्यांनी तिच्या कमरेला घट्ट धरलं. मी हात हलवला, पण दोघांपैकी एकाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.