पीर कुणाचे?

मी कलबुर्गीला धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकायला निघाले, तेव्हा अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, एकच गोष्ट बजावली, "गळ्यातलं लिंग काढायचं न्हाई." दुनियेचे धर्म शिकून पोरगी आपला धर्म विसरणार, याची तिला पक्की खात्री. म्हणून पहिलं वर्ष संपलं की शिक्षण बंद आणि उदगीरच्या पाहुण्यांना मुलगी दाखवायची, असं तिनं अप्पांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

मला मात्र दुसरं वर्ष हवंच होतं. इतकी मजा मला कुठल्याच शिक्षणात आली नव्हती. मौलवींचा मुलगा, चर्चमध्ये गाणारी मुलगी आणि देवच न मानणारा एक भांडकुदळ गडी, असे आम्ही एकाच कागदातला चुरमुऱ्यांचा सुसला खात तासन्‌तास वाद घालायचो.

पहिल्याच सादरीकरणात मी माती खाल्ली. विषय होता, आपल्या घरचे सण. लिंगायत घरातले सण म्हणून मी बसवजयंती सांगितली, नागपंचमी सांगितली आणि त्याच दमात मोहरमचे पीरही सांगून टाकले. वर्ग हसून लोटपोट.

"अक्का, वो तो हमारा है!" मौलवींचा मुलगा म्हणाला.

मी भडकले. भालकीकडच्या आमच्या गावात मुसलमानांचं एकही घर नाही. पीर, म्हणजे मोहरमचे पंजे, वर्षभर धनगरांच्या घरी पेटीत असतात आणि त्यांच्या नैवेद्याचे चोंगे, म्हणजे गुळाच्या पोळ्या, आमच्या घरी होतात. सर म्हणाले, "पुरावा?" मी तिथंच अव्वाला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अव्वा, पीर कुणाचे गं?"

"आपले. कामून? कुणी मागायलंय का?"

सरांनी हसून हसून चष्मा काढला आणि डोळे पुसले.

वर्ष संपलं आणि मी मोहरमला घरी आले. पाहुणे सोमवारी यायचे होते. अव्वा चोंगे लाटत बसली होती. लाटता लाटता तिनं विचारलं, "मग? काय म्हणायलेत तुझे सर? कुणाचे पीर?"

मी तिला मोहरममागची करबलाच्या लढाईची गोष्ट सांगितली. बंद केलेलं पाणी, तहानलेलं तान्हं लेकरू, सगळंच. बाहेर गडीमाणसं त्याचीच गाणी म्हणतात, पण चुलीपाशी नुसती हलगी ऐकू येते. अव्वाचा हात थांबला. डोळे भरून आले.

"इतकी वर्षं चोंगे करायलोय, हे कुणी सांगितलं कामून न्हाई?"

पदराने तोंड पुसून तिनं ओसरीवरच्या अप्पांना हाक मारली.

"अवो, उदगीरला फोन लावा. सोमवारी येऊ नका म्हणा."

"आता काय झालं?"

"पोरीचं शिकणं व्हायचं हाय अजून," अव्वा म्हणाली. "अन् माझंबी."