दिल्लीत पोचलेलं एक वाक्य

माझ्या थोरल्या दिरांची पूर्णा गावात गोडाऊनं आहेत. त्यातल्या एकात पोलिसांना नामांकित कंपनीच्या नावाचा बनावट शाम्पू सापडला. भाडेकरू पसार झाला आणि पोलीस ठाण्याच्या चकरा दिरांच्या नशिबी आल्या. खोक्यांत काय आहे, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

पुढे परदेशी कंपन्यांच्या एका संघटनेनं शेजारच्या दापोडे गावात गोडाऊन मालकांची बैठक बोलावली. संघटनेच्या बाई इंग्रजीत बोलणार होत्या. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दिरांनी दुभाषी म्हणून माझं नाव पुढे केलं.

पहिल्याच वाक्याला मी अडले. 'बौद्धिक संपदा' म्हटलं तर समोरचे चेहरे कोरे. मग म्हटलं, ज्यानं मेहनतीनं माल नावारूपाला आणला, त्याचं नाव दुसऱ्यानं परस्पर वापरायचं नाही. माना हलल्या, तसा माझाही धीर वाढला.

बाईंनी त्यांचं काम समजावलं. त्यांची माणसं देशोदेशीच्या सरकारांना भेटतात, नकली मालावर कडक कायदे करा, खटले रखडू देऊ नका, असा आग्रह धरतात. लवकरच त्या दिल्लीलाही जाणार होत्या. मालकांकडून त्यांना एवढंच हवं होतं, की जागा देताना माल कुणाचा ते विचारावं आणि संशय आला तर कळवावं.

दीर उठले. "ईचारू, त्यात काय न्हाय. पन कायदा कडक झाला तं पयला हात आमच्यावरच पडनार हाय. ज्यानं ईचारून जागा दिली त्याला आरोपी करू नका, ह्ये पन तिथं सांगा."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाल्या, आमच्या सगळ्याच कंपन्यांना हे रुचेल असं नाही, पण मांडून बघते.

बैठकीत लोक असं बोलतातच, असं मला वाटलं होतं. पण पावसाळा सरता सरता बाईंचा फोन आला. दिल्लीत त्यांनी दिरांचा मुद्दा मांडला होता. सरकार काय करील, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. मी हे दिरांना सांगितलं, तर त्यांनी पुन्हा विचारलं, "माझंच बोलनं ना?"

आता ते प्रत्येक भाडेकरूला विचारतात. एकजण त्यावरून रुसून गेला, जागा थोडे दिवस रिकामी राहिली, मग खेळण्यांचा व्यापारी आला आणि त्यानं आपणहून खोकी उघडून दाखवली.

दिवाळीत घरी पाहुणे आले, तेव्हा दिरांनी दिल्लीची हकिगत सांगितली आणि आपलं वाक्य मला इंग्रजीत म्हणायला लावलं. मी म्हटलं. फराळाच्या बश्या हातात धरून सगळ्यांनी ते मन लावून ऐकलं.