म्हटलं कोणी?

ये पोरी, जरा सरकून बस. तू समोर नाहीस हे माहीत आहे मला, पण मी लिहायला घेतलं की तू माझ्या खाटेवरच बसलेली असतेस. आधी रागावून घेते. एवढं मानसशास्त्र शिकलीस, लोकांच्या मनातलं ओळखतेस, अन् मावशी वाट पाहून राहिली एवढं तुला कळत नाही?

तुझा तो परदेशात छापलेला लेख मी अख्ख्या वस्तीला दाखवला. मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकलेली बाई, इंग्रजी मला कुठलं येतं? पण तुझं नाव कुठे आहे ते ओळखलं अन् त्यावर बोट ठेवून सांगत सुटले, ही माझ्या बहिणीची लेक.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यासाठी आम्ही गाव सोडलं, त्याचं लोकांच्या मनावर काय झालं हे विचारायला तू पीएच.डी.च्या वेळी आली होतीस. शेजारणीच्या ओसरीवर बसलीस. तिचा नवरा नदीत डोंगा टाकायचा, ती मासळी विकायची. तू विचारलंस, “काकू, झोप येते का?”

ती म्हणाली, “झोप येते वो. पण सकाळी उठलो का पाय जुन्या दाराकडे जाते, न् भिंतीले लागते.”

तू वही उघडलीस. मग म्हणालीस, “काकू, पुन्हा एकदा सांगा ना.”

“काहून? एकदा सांगतलं त पटलं नाही का?”

किती हसलो आपण! निघताना तू तिला समजावलंस, “तुमचं नाव कुठीच येणार नाही, बिनघोर राहा.” तिचं तोंड उतरलं. “काहून नाही येणार? मी का चोरी केली? गावाचं नाव गेलं पाण्यात, आता माहं बी घालवतेस?” आपल्याला तेव्हा तीही गंमतच वाटली.

पुढे तिचं ते पाय भिंतीले लागण्याचं वाक्यच तुझ्या लेखाचं शीर्षक झालं. तू फोनवर सांगितलंस तसं मी धावत जाऊन तिला सांगितलं. त्यानंतर तुझा फोन आला की ती कुंपणापलीकडून विचारायची, “कवा येते ते वाचून दाखवाले?” तू म्हणायचीस, पुढच्या महिन्यात. मग पुण्याची परिषद आली, मग बाहेरदेशाचं बोलावणं आलं. मी तिला तुझी कामं सांगत राहिले.

यंदा दिवाळीत तू म्हणालीस, मावशी, त्या लेखाचा दाखला लोक किती ठिकाणी देतात, नवे डॉक्टर त्यावरून शिकतात. माझा आनंद पोटात मावेना. ती अंगणात मासळीचे खवले काढत होती.

“बाई, आपल्या पोरीच्या लेखाचा दाखला देऊन राहिले लोकं!”

“दाखला? तहसीलातला?”

“नाही वो. दुसरे लिहिणारे आपल्या पुस्तकात लिहितात, अमकीनं असं म्हटलं म्हणून.”

“काय म्हटलं?”

“तेच. पाय भिंतीले लागते ते.”

“मंग कोणी म्हटलं म्हणून लिहितेत?”

“आपल्या पोरीनं.”

तिचा हात थांबला. “तिनं कुठी म्हटलं वो? म्हटलं त मी. पाय माहा लागते.”

तुझा नियम मला समजतो ग. पलीकडच्या आळीतल्या सुनेनं तुला घरातलं काय काय सांगितलं असेल, तिचं नाव झाकलंच पाहिजे. पण हिला कुठे काय झाकायचं होतं? आपण एकदाही तिला विचारलं नाही, की बाई, नाव टाकू का? विचारलं असतं तर तुझा नियम वाकला असता की नाही, ते तुझं तुला ठाऊक. निदान तिला कोणी विचारलं, एवढं तरी राहिलं असतं.

आता तुझा विषय निघाला की ती एवढंच म्हणते, “तब्येत बरी आहे ना तिची?” लेखाचं नाव काढत नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून सांगते, तो लेख घेऊन ये. तिच्या ओसरीवर बस, आपल्या बोलीत वाचून दाखव, अन् चार बाया ऐकतील अशा आवाजात सांग, हे काकूंनी म्हटलेलं आहे. तिला आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजव्या अंगाला बस. परिषदा होत राहतील, पोरी. तू लवकर ये.