सूचना क्रमांक सात

आमच्या घरात त्या दोन विद्यापीठांना नावं नव्हती. एक इकडचं आणि एक तिकडचं. इकडचं म्हणजे कल्याणचं कॉलेज, सरकारी विद्यापीठाशी जोडलेलं, डोंबिवलीच्या आमच्या घरापासून बसने पाऊण तास. तिकडचं म्हणजे बंगळूरचं खासगी विद्यापीठ, हॉस्टेल, हिरवळ आणि फोनवर इंग्रजीत बोलणारी माणसं. बारावीनंतर दोन्हीकडे मला फायनान्सच्या पदवीला प्रवेश मिळाला होता. कुठे जायचं ते ठरवायचं होतं, आणि ते मी ठरवायचं होतं.

मला काहीच वाटत नव्हतं. हे मी आज शहाणपणाने सांगत नाहीये, तेव्हाही तसंच होतं. मैत्रिणी विचारायच्या, एक्साइट झालीस का गं, आणि मी हो म्हणायचे, जसं आपण जेवलीस का या प्रश्नाला हो म्हणतो.

बाबांनी एका पाठकोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारून तो फ्रिजवर चिकटवला. बाबा एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत सुपरवायझर, कुठलीही गोष्ट दोन रकान्यांत बसते यावर त्यांचा विश्वास. तिकडच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, मोठ्या कंपन्या नोकरी द्यायला येतात. मग लिहिलं, इंग्रजी सुधारेल. मग, स्वतःच्या पायावर. इकडच्या रकान्यात त्यांनी फक्त 'घर' लिहिलं. आईने त्याखाली 'पोळीभाजी' लिहून पेन परत ठेवलं. बाबांना मी तिकडे जायला हवी होते, आईला नको होते, आणि दोघंही माझ्यावर जबरदस्ती नको म्हणून इतके जपून बोलायचे की घरात सतत कुणीतरी झोपलंय असं वाटायचं.

मोकळं बोलणारी एकच, मावशी. ती दिवा स्टेशनजवळ राहते. तिच्याकडे पाण्याची बोंब, म्हणून दर रविवारी कपड्यांची पिशवी घेऊन आमच्या मशीनला धुवायला यायची. तिने फ्रिजवरचा कागद वाचला आणि म्हणाली, "अगं, पुस्तकं तीच ना दोन्हीकडे? आणि तिकडे रोज पाणी येतं का ते विचारलंत का आधी? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये माणसाने."

"पोरीला लिहू दे काय ते," बाबा म्हणाले.

मी पेन घेतलं. बराच वेळ उभी राहिले आणि तिकडच्या रकान्यात 'हॉस्टेल' लिहिलं. ते चांगलं म्हणून लिहिलं की वाईट म्हणून, मला कुणी विचारलं नाही. बाबांनी तो होकार धरला आणि त्याच आठवड्यात तिकडच्या गाडीचं बुकिंग झालं. सोमवारपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. न झाल्यास जागा पुढच्याला.

इथे बाबांच्या लॅमिनेशनबद्दल सांगायला हवं. त्यांची दहावीची गुणपत्रिका कोकणातल्या घरी ट्रंकेत होती. कौलं गळली, ट्रंक भिजली, आणि डिप्लोमाच्या प्रवेशाला ती काढायला गेले तेव्हा आत कागदाचा लगदा. दुसरी प्रत मिळेपर्यंत प्रवेश बंद झाले. बाबा कंपनीत हेल्पर म्हणून लागले. ही गोष्ट ते रडगाणं म्हणून कधी सांगत नाहीत, मुळात सांगतच नाहीत, फक्त लॅमिनेट करतात. रेशनकार्ड, लसीचं सर्टिफिकेट, गॅसच्या हेल्पलाइनचा नंबर, आरतीचा कागद. आमच्या घरात ज्याला म्हणून दोन बाजू होत्या त्या सगळ्याला प्लॅस्टिक चढलं होतं. आई म्हणायची, मी जरा वेळ स्वस्थ बसले तर मलाही घेऊन जातील.

त्या गुरुवारी संध्याकाळी बाबा दारात चपला घालत होते. हातात माझी बारावीची गुणपत्रिका आणि ज्युनिअर कॉलेज सोडल्याचा दाखला.

"लॅमिनेट करून आणतो. हॉस्टेलात दमट असतं म्हणे."

मी सोफ्यावर होते. हातातल्या फोनवर तिकडून आलेला ईमेल उघडा होता. हजर होताना काय आणायचं त्याच्या अकरा सूचना होत्या आणि त्या मी आदल्या दिवशी वाचल्या होत्या. सातवी सूचना अशी होती की मूळ कागदपत्रं लॅमिनेट केलेली नसावीत, मागच्या बाजूला विद्यापीठाचा शिक्का मारला जाईल.

मी म्हटलं, "येताना कोथिंबीर आणा."

बस, एवढंच. माझ्या मनात काही कट नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी होतं म्हणता आलं असतं. बाबा गेले, दरवाजा लागला, आणि मी आठवी सूचना वाचली. ती बादलीबद्दल होती.

ते कोथिंबीर आणि दोन चकचकीत कागद घेऊन आले. "बघ, आता बुडवलं तरी काही होणार नाही," असं म्हणून त्यांनी खरंच त्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडून दाखवले.

शुक्रवारी दुपारी रजा टाकून बाबा माझी बॅग भरायला बसले. मला म्हणाले, तो ईमेल मराठीत सांग, मी एकेक वस्तू टिक करतो. मी सांगत गेले. सातव्या सूचनेला आले आणि तीही त्याच आवाजात सांगितली.

"परत सांग."

मी परत सांगितली.

"हे आधी होतं?"

"मी आत्ता बघितलं," मी म्हणाले.

बाबांनी तिकडे फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड हिंदीत बोलत होती. प्लास्टिक पे स्टॅम्प नहीं बैठेगा सर. बाबा म्हणाले, "मॅडम, लेकिन मार्क तो वोही है ना? मार्क थोडी बदलनेवाला है!" ती म्हणाली, सोमवारपर्यंत नवीन प्रत आणा. गुणपत्रिकेची दुसरी प्रत वाशीच्या बोर्डाच्या ऑफिसातून निघते आणि तिला किती दिवस लागतात हे बाबांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी इस्त्री काढली. कुणीतरी सांगितलं होतं की गरम केलं की प्लॅस्टिक सुटतं. "आधी दाखल्यावर करून बघू," ते म्हणाले, "दाखल्याची दुसरी प्रत लवकर मिळते." आईने टेबलावर चादर अंथरली. एक कोपरा सुटला तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मग त्यांनी हलक्या हाताने ओढलं, आणि दुधावरची साय निघावी तशी प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का प्लॅस्टिकबरोबर निघून आला. खाली उरला तो कागद नव्हता, कापूस होता नुसता. आईने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"राहू दे आता," ती म्हणाली. तिच्याकडे मी बघितलं नाही.

बाबा खुर्चीत बसले. म्हणाले, "माझ्यासारखंच केलं मी तुझं."

मला भूक लागली होती, हे मला स्पष्ट आठवतंय. मी आत जाऊन चिवडा खाल्ला.

कल्याणच्या कॉलेजची मुदत पुढच्या आठवड्यापर्यंत होती. तोवर दाखल्याची दुसरी प्रत मिळाली. खिडकीतल्या क्लार्कने गुणपत्रिका उजेडात धरली आणि विचारलं, हे कुणी केलं? बाबांनी वर्गात करतात तसा हात वर केला. "दर वर्षी येतात असे दहा-बारा," क्लार्क म्हणाला. "झेरॉक्स जोडा काका, त्यावर मारतो शिक्का." आणि मारला. एका मिनिटात माझं ठरलं.

तीन वर्षं मी बसने गेले आणि आले. शिकवणारे बरे होते, एक मॅडम तर फारच चांगल्या होत्या. मला ठाण्यातल्या एका ऑफिसात नोकरीही लागली. नुकसान झालं म्हणावं असं काही नाही, झालं नाही म्हणावं असंही नाही. पण बाबा प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, कुणी विचारायच्या आधी सांगायचे, "हुशार आहे हो, बंगळूरला मिळालं होतं. माझ्या हातून पोरीचं नुकसान झालं." मी शेजारी जेवत असायचे. त्यांनी लॅमिनेशन सोडून दिलं. मावशी तिचं आधारकार्ड घेऊन आली तर तिलाही म्हणाले, मला नको सांगूस, मी हात लावणार नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना एकदा विठ्ठलवाडीच्या सिग्नलला बस थांबली होती, आणि मला एकदम कळलं की त्या दिवसांत मला भीती वाटत होती. साधी, लहान मुलाला वाटते तशी. घर सोडायची भीती, आणि जायचं नाही असं बाबांच्या तोंडावर म्हणायची त्याहून मोठी. कळायला दीड वर्ष लागलं. सिग्नल सुटला.

एकदाच सांगायचा प्रयत्न केला. बाबा चहा पीत होते. मी म्हटलं, "बाबा, ती सातवी सूचना..." त्यांनी कप खाली ठेवला. "नको ना गं तो विषय. मला त्रास होतो." आणि मला बरं वाटलं. या सगळ्यात मला स्वच्छपणे काही वाटलं असेल तर ते तेवढंच, आणि त्याची मला लाज वाटते.

पदवीचं सर्टिफिकेट आलं तेव्हा आईने ते देवापुढे ठेवलं, मावशीने हळद लावायला बोट पुढे केलं तर तिला थांबवलं. मग मी ते बाबांपुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, नाव वाचलं, श्रेणी वाचली, सगळं वाचलं. हात मात्र पाठीमागेच होते.

"घ्या ना," मी म्हणाले.

"नको. तूच ठेव सांभाळून. माझ्या हातून परत काही नको व्हायला."

मी म्हटलं, "बरं." आणि ते कपाटात ठेवलं.