पाण्याची घंटा

बडोद्यात गोत्रीच्या आमच्या शाळेत मी शिपाई. चारच यत्ता शिकलो, पण माझी घंटा कधी चुकली नाही. म्हणून पाण्याचा प्रयोग करायला एक बाई आली तेव्हा हेडमास्तरांनी तिला थेट माझ्याकडे धाडलं. नाव मी विचारलं नाही. "केम छो, काका?" म्हणाली, तेवढं पुरलं.

मुलं पाणी कमी पितात, म्हणून रोज पाण्याची वेगळी घंटा द्यायची. हे शाळेत आपसूक जमतं का, एवढंच तिला बघायचं होतं. जमलं तर बडोद्यातल्या इतर शाळांतही सुरू होणार. अंबाड्यात पेन खोचून ती वर्गावर्गांत फिरली. प्रत्येक बाटली कानाशी हलवून आत किती पाणी उरलंय ते ऐकायची. सगळ्या डुचमळत होत्या. बाईचा चेहरा उतरला. "उद्यापासून घंटा द्या, महिन्याने येते," म्हणाली.

आमच्या शाळेतून कुणी हिरमुसून जावं, हे मला खपणारं नव्हतं.

महिन्याने तिने बाटल्या हलवल्या, तर एकीचाही आवाज नाही. बाई हरखली. तेवढ्यात सुट्टी झाली आणि मी नेहमीसारखा दारात आडवा उभा राहिलो. "चला लाटसाहेब, बाटली रिकामी झाली का ते पालथी करून दाखवा, मग बाहेर!" पोरांची रांग लागली. रांगेत शेवटी गणिताचे मास्तर, तेही बाटली पालथी धरून.

ती कपाळाला हात लावून पायरीवर बसली. "काका, दर शाळेत तुम्हाला कुठून आणू?"

एवढं कौतुक माझं जन्मात कुणी केलं नव्हतं. तरी मी स्पष्टच सांगितलं, "बेटा, मी गोत्री सोडून कुठे जायचा नाही."