बंद केंद्रातून आलेली फिल्म

आमची शेजारीण एक्स-रे काढणाऱ्या संस्थेत कामाला होती. सगळ्या केंद्रांतल्या फिल्म क्लाउडवर चढत आणि ती पडद्यावर बघत बसे: कुठल्या यंत्राची फाइल आली, पूर्ण चढली की अर्ध्यातच अडकली. अडकली की फोन. ‘हॅलो’ नाहीच, थेट "चढली का?" त्यामुळे ऑफिसात तिचं नावच ‘चढलीका’ पडलं होतं.

एकदा दुपारी बंद पडलेल्या एका केंद्राच्या यंत्रावरून फाइल आली. तिनं मेकॅनिकला गाठलं.

"अहो ताई, ते यंत्र मी माझ्या हातानं खोलून भंगारात दिलंय!"

"मग फाइल पूर्ण चढली कशी?"

"काहीतरी गफलत असेल. उडवून टाका."

उडवण्याआधी तिनं ती उघडली. नाव नव्हतं. कुणाची तरी छाती. डाव्या गळपट्टीच्या हाडावर धातूची पट्टी आणि तिचा एक स्क्रू तिरका. तरुणपणी शिडीवरून पडलेला तिचा दादा हाच तिरका स्क्रू आल्यागेल्याला खिडकीशी फिल्म धरून दाखवायचा. पण त्या जुन्या फिल्ममध्ये उजव्या फुप्फुसावर हा पांढरा डाग नव्हता.

वडिलांचं घर विकल्यापासून भावाबहिणीत अबोला होता. तरी तिनं फोन लावला.

"दादा, छातीचा एक्स-रे काढलास का एवढ्यात?"

"नाही बुवा. इतक्या वर्षांनी फोन केलास तो हे विचारायला? ठणठणीत आहे मी." आणि तो खोकत सुटला.

ती तशीच उठून त्याच्या घरी गेली आणि हट्टानं त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. नवी फिल्म निघाली. तिनं क्लाउडवरची ती फिल्मही दाखवली. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी शेजारी लावल्या.

"ही दुसरी कुठं काढलीत? दोन्ही एकाच वेळच्या दिसताहेत."

"ते राहू द्या डॉक्टर, हा डाग कसला ते सांगा," ती म्हणाली.

गाठ वेळेत सापडली. ऑपरेशन झालं, दादा वाचला. ऑफिसातल्या साहेबांनी ती फाइल कुठून आली याचा खूप शोध घेतला, काहीच हाती लागेना, तेव्हा त्या यंत्राचा नंबरच बंद करून टाकला.

घरी आणल्यावर बहिणीनं त्याला सगळं सांगितलं. तो हसण्यावारी नेईल असं तिला वाटलं होतं, पण तो हसलाच नाही.

"फोन आला ना तुझा, त्याच्या जरा आधी खुर्चीत माझा डोळा लागला होता," तो म्हणाला. "छातीला काहीतरी गारगार टेकलं. अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं, श्वास रोखून धरा."

"मग?"

"मी धरला."